अनुभव धागा : शाळेची रोबॉटिक्स टीम, पैसा आणि लॅबची किल्ली (इंदूर)

मुलगी आठवीत आहे. यंदा तिच्या टीमचा रोबॉट स्पर्धेपर्यंत पोचलाच नाही. पैसे होते. पण लॅबची किल्ली ज्या शिपाईदादांकडे असते, ते साडेचारला घरी जातात आणि मुलांची शाळा सुटते चारला. अर्ध्या तासात काय कप्पाळ जुळवणार? तुमच्याकडे काय घडलं ते लिहा. शाळेचं नाव मात्र नको, भांडणं होतात.

लॅब सांभाळणारी विज्ञानाची बाई

अटल टिंकरिंग लॅबला, म्हणजे केंद्र सरकारच्या योजनेतून शाळेत उभ्या राहणाऱ्या प्रयोगशाळेला, 20 लाख मिळतात हे सगळ्यांना पाठ असतं. त्यातले 10 लाख उभारणीचे आणि उरलेले 10 लाख जास्तीत जास्त 5 वर्षं चालवण्याचे, हे कुणी ऐकून घेत नाही. शिवाय आधीच्या पैशांचं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचे येत नाहीत. आमचं प्रमाणपत्र दोन टेबलांच्या मध्ये सात महिने पडून होतं. तेवढ्यात मोटर ड्रायव्हर, म्हणजे रोबॉटच्या मोटरी चालवणारं छोटं सर्किट, जळला. दीड-दोनशेची वस्तू, महाराणी रोडवर उभ्याउभ्या मिळते. पण दुकानदार पक्कं बिल देईना, आणि ऑफिसला तीन कोटेशनं हवीत. शेवटी मीच पर्समधून पैसे काढले.

खरी गंमत ऑडिटला. मोटरी डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत चढवलेल्या, म्हणून मोजायला सुट्या दाखवा! मुलांनी चालता रोबॉट उकलला आणि दुसऱ्या दिवशी घाईत पुन्हा जोडला. एका मोटरच्या तारा उलट लागल्या, गाडी जागच्या जागी गरगर फिरायला लागली. ऑडिटर तोवर गेले होते, नाहीतर त्यांनाही दाखवलं असतं.

एक बाबा, खासगी शाळा

आमच्याकडे उलट. अनुदान नाही, सगळं पालकांच्या खिशातून. फर्स्ट लेगो लीग या शाळकरी मुलांच्या रोबॉट स्पर्धेच्या टीममध्ये 10 पेक्षा जास्त मुलं चालत नाहीत. शाळेनं वर्गणी आधी भरणाऱ्यांची 10 नावं घेतली. प्रोग्रॅमिंग सगळ्यात चांगलं येणारा मुलगा अकरावा. त्याच्या आईनं महिनाअखेरीस पैसे आणले होते. माझा मुलगा त्या दहांत होता. मी गप्प बसलो, हेही लिहून टाकतो.

माजी विद्यार्थिनी, आता इंजिनिअरिंगला

शाळेत मोबाइलबंदी, आणि आमचा रोबॉट चालायचा ब्लूटूथवर, मोबाइलवरूनच! रामबागेतल्या आमच्या गल्लीत संध्याकाळी चाचणी घ्यायचो, काकू ओट्यावरून ओरडायच्या. स्पर्धेचे तीन दिवस वर्गशिक्षकांनी गैरहजेरी लावली. सीबीएसई बोर्डाला बसायला 75 टक्के हजेरी लागते, त्यामुळे आईचा जीव टांगणीला.

पुन्हा लॅबवाली बाई

2025 च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत 50,000 अटल लॅब जाहीर झाल्या आहेत. आनंद आहे. पण त्यात शाळा सुटल्यावर थांबणाऱ्या माणसाचा भत्ता कुठे बसतो, ते कुणी सांगेल का? मी रोज सहापर्यंत थांबते, त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.

धागा काढणारी

शिपाईदादांशी बोलले. ते थांबायला तयार आहेत, पण म्हणाले, "दीदी, कुछ टूटा तो मेरे नाम पे चढ़ेगा।" बाई, मुलांच्या सहीनं वस्तू देण्याचं काही रजिस्टर तुमच्याकडे असेल, तर एका पानाचा फोटो टाकाल? सोमवारी प्रिन्सिपलांना भेटायचं आहे.