मांस, मासळी आणि माणसाचा मेंदू : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

कुलकर्णी काका (ए-२०३): काल ग्रुपवर फिरलेल्या फॉरवर्डमधला मुद्दा मला पटतो : माणसाला वाघासारखे सुळे नाहीत, नख्या नाहीत. तेव्हा माणूस मुळात शाकाहारीच असला पाहिजे.

नेहा (सी-५०४): काका, सुळ्यांची आणि नख्यांची कसर आपल्या पूर्वजांनी दगडाच्या पात्याने भरून काढली. इथिओपियातील बौरी येथे सापडलेल्या सुमारे २५ लाख वर्षांपूर्वीच्या जनावरांच्या हाडांवर अशा पात्यांच्या खुणा आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली पात्याची खूण अरुंद, खोल आणि आत बारीक समांतर रेघा असलेली दिसते, तर दाताची खूण पसरट असते. दाताची खूण पात्याच्या खुणेवर चढलेली असेल, तर त्या हाडापाशी आपला पूर्वज आधी पोहोचला आणि तरस मागून आला, एवढे सांगता येते. मज्जेसाठी हाडे फोडल्याचेही दिसते. मटणातली नळी ज्यांना आवडते त्यांना याचे नवल वाटणार नाही.

पाटकर काकू (बी-१०१): मासळीचे नाव मात्र कोणीच काढत नाही. हरणामागे धावण्यापेक्षा आटत्या डोहातला मासा उचलणे केव्हाही सोपे.

नेहा (सी-५०४): काकू, तुमच्या तर्काला आधार आहे. केनियात तुर्काना सरोवराजवळ कूबी फोरा येथे सुमारे १९.५ लाख वर्षांपूर्वी मासे, कासवे आणि मगरीसुद्धा कापून खाल्ल्या गेल्या. इस्राएलमधील गेशेर बेनोत याकोव येथे ७.८ लाख वर्षांपूर्वी मासे शिजवले जात होते, असे २०२२ मधील अभ्यास सांगतो. तिथे काटे फारसे उरले नाहीत, पण रोहूच्या कुळातील मोठ्या माशांचे घशातले दात उरले, आणि त्या दातांच्या एनॅमलमधील (वरच्या कठीण आवरणातील) स्फटिकांवरून ते विस्तवात जळले नव्हते, तर बेताच्या आचेवर तापले होते, हे कळले.

अभय (ए-७०२): म्हणजे मांसामुळेच मेंदू वाढला, हे सिद्ध झाले. वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू २० टक्के ऊर्जा खातो. ती पाल्यातून कशी भागणार?

नेहा (सी-५०४): सिद्ध झाले, असे मी म्हणणार नाही. सकस आणि पचायला सोपा आहार मिळाल्याने आतडे लहान झाले आणि वाचलेली ऊर्जा मेंदूकडे वळली, असे लेस्ली आयेलो आणि पीटर व्हीलर या संशोधकांनी १९९५ मध्ये मांडले. पण मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम यांच्या मते मोठे श्रेय विस्तवावर शिजवलेल्या अन्नाचे आहे आणि त्यात भाजलेले कंदही येतात. पिष्ट (स्टार्च) पचवणारे अमायलेज हे विकर आपल्या लाळेत चिंपांझीपेक्षा कितीतरी अधिक असते, हेही विसरून चालणार नाही. शिवाय हाडे लाखो वर्षे टिकतात आणि कंद कुजून जातात, त्यामुळे पुरावाच मुळात मांसाच्या बाजूने झुकलेला असतो.

कुलकर्णी काका (ए-२०३): मग आम्ही या वयात मटण सुरू करायचे की काय?

नेहा (सी-५०४): मुळीच नाही, काका. पूर्वजांनी काय खाल्ले, यावरून तुमचे ताट ठरत नाही. फक्त बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. दूध-दही चालू असले तरी एकदा रक्त तपासून घ्या आणि ते कमी निघाले, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्या.