वेब फॉर्ममध्ये भरलेली चुकीची माहिती कशी ओळखावी? सल्ला हवा आहे

धागाकर्ती:
माझ्या फॉर्ममध्ये नाव, ईमेल, जन्मतारीख आणि कार्ड क्रमांक असे चार रकाने असून सगळी तपासणी जावास्क्रिप्टने ब्राउझरमध्येच होते. तरीही एकाने ३१ फेब्रुवारी १९९० अशी तारीख भरली आणि नोंद ३ मार्चची झाली. उलट देवनागरीत बिनचूक लिहिलेले नाव मात्र फॉर्मने नाकारले. तपासणी कशी बदलावी?

प्रतिसाद १:
सर्वप्रथम हीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा करा, कारण फॉर्म न उघडताही सर्व्हरला थेट विनंती पाठवता येते. ब्राउझरमधली तपासणी ही केवळ भरणाऱ्याची सोय आहे. जावास्क्रिप्टच्या तारखेत दिवस महिन्याच्या बाहेर गेला तर चूक दाखवली जात नाही, तो पुढच्या महिन्यात सरकतो. म्हणून तयार झालेल्या तारखेतून दिवस आणि महिना परत काढून मूळ आकड्यांशी ताडून पाहा.

नावाचे कारण वेगळे असावे. तुमच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुराचा साचा तपासणाऱ्या सूत्रात, फक्त युनिकोडचा (सर्व लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणपद्धतीचा) ‘अक्षर’ हा वर्ग असेल, तर काना, मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार त्यात बसत नाहीत. युनिकोड त्यांना ‘चिन्ह’ या निराळ्या वर्गात ठेवते. तो वर्ग जोडल्यास अडचण सुटेल, पण माझे स्पष्ट मत असे की नावातील अक्षरे तपासूच नयेत. स्वतःचेच नाव चुकीचे ठरवले जाणे फार अपमानास्पद असते. रकाना रिकामा नाही आणि लांबी वाजवी आहे, एवढे पुरे. घातक मजकुराचा बंदोबस्त डेटाबेसमध्ये लिहिताना आणि पानावर दाखवताना करावा.

प्रतिसाद २:
ईमेलसाठीही किचकट नियम लिहू नका. ॲटचे चिन्ह आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मजकूर आहे का, इतके पाहून पडताळणीचा मेल पाठवा, कारण पत्ता खरोखर चालतो की नाही हे त्याशिवाय कळत नाही. कार्ड क्रमांकातली मोकळी जागा आधी काढून टाका आणि मग लूनची पद्धत, म्हणजे अंकांच्या ठरावीक बेरजेवरून क्रमांक तपासण्याची रीत, वापरा. एखादा अंक चुकला तर ती हमखास पकडते; शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी पकडते, फक्त ० आणि ९ यांची अदलाबदल तिच्यातून निसटते.

धागाकर्ती:
मनःपूर्वक आभार. चूक झाल्याचा संदेश केव्हा दाखवावा? सध्या पहिले अक्षर टाइप करताच रकाना लाल होतो.

प्रतिसाद १:
रकाना सोडल्यानंतर दाखवा आणि दुरुस्ती होताच लगेच काढा. संदेश रकान्यालगतच असावा, केवळ लाल रंगावर विसंबू नये, आणि स्क्रीन रीडरलाही (दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) तो वाचता यावा. सर्व्हरने फॉर्म परत पाठवला तर बरोबर भरलेले रकाने रिकामे होणार नाहीत, याचीही खात्री करून घ्या.