मदत हवी आहे: स्टिरिओची घूं पॉवर केबल बदलून जाईल का?

सोलापुरात साखर पेठेत राहतो, बाजूलाच पॉवरलूम आहेत. माग सुरू झाले की दोन्ही स्पीकरमधून बारीक घूं येते, गाणं मोठं असलं की कळत नाही पण नुसता तानपुरा चालू असला की जोडाच्या (मधल्या दोन) तारा त्यात पार बुडून जातात आणि मला ऐकायचं तेच असतं.

व्हॉल्यूम शून्यावर नेला, अँप्लिफायरच्या मागच्या आरसीए वायरी (सीडी प्लेअर वगैरेचा आवाज आत आणणाऱ्या) सगळ्या काढल्या, तरी घूं आहेच, म्हणजे सीडी प्लेअरचा दोष नाही. अर्थिंग चेक करून घेतलंय, नीट आहे. स्टॅबिलायझरने व्होल्टेज सुधारलं, आवाज तसाच.

दुकानदार म्हणतो जाड ऑडिओफाइल पॉवर केबल घ्या आणि वायरी फरशीवरून उचलून धरणारे स्टँड पण घ्या. मला काही पटेना, भिंतीतली वायर साधी 2.5 एमएमची, मग शेवटच्या दीड मीटरने काय होणार? स्पीकरची वायर पण तांब्याची 2.5 एमएम, पाच मीटर, जाऊन-येऊन रेझिस्टन्स 0.07 ओहमच्या आसपास, आणि स्पीकर 8 ओहमचे. स्टँडने त्यात काय बदलणार!

घर भाड्याचं आहे त्यामुळे नवीन वायरिंग नको, बजेट दहा हजार. मागांच्या शेजारी राहणाऱ्या कोणी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेन लाइनपासून सेट वेगळा ठेवणारा) किंवा लाइन फिल्टर (लाइनमधली गडबड गाळणारा) लावलाय का, घूं खरंच गेली का, आणि 60 वॅटच्या अँप्लिफायरला किती व्हीएचा (म्हणजे किती क्षमतेचा) ट्रान्सफॉर्मर घ्यावा?