सुनावणी टीव्हीवर दाखवली की न्यायाधीश नेमणुकीतलं राजकारण संपतं?

पार्क चौक
काल आपल्या सोलापूरच्या ग्रुपवर एकानं लिहिलं : 'कॉलेजियम, म्हणजे न्यायाधीशांची नावं ठरवणारं ज्येष्ठ न्यायाधीशांचं मंडळ, हा बंद खोलीतला सौदा. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षानं सुचवलेल्या न्यायाधीशाची सिनेटपुढं, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहापुढं, होते तशी उघड सुनावणी ठेवा, राजकारण आपोआप संपेल.' त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडलाय, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी १९८६ ला स्कॅलिया सिनेटमध्ये ९८-० नं पास. पुढच्याच वर्षीचे उमेदवार बोर्क ४२-५८ नं आपटले, कारण समितीपुढं मोकळेपणानं मतं मांडली. तेव्हापासून प्रत्येक उमेदवार एकच धडा गिरवून येतो : हा विषय उद्या माझ्यापुढं येऊ शकतो, बोलणार नाही. झाली उघड सुनावणी!

शिवाय खरं हत्यार मतदान नाहीच, तारीख आहे. १३ फेब्रुवारी २०१६ ला स्कॅलिया वारले, १६ मार्चला ओबामांनी त्या जागी गार्लंड यांचं नाव दिलं. रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटनं ते फेटाळलं नाही, सुनावणीच लावली नाही. २९३ दिवस नाव पडून राहिलं आणि संपलं. सबब काय, तर निवडणुकीचं वर्ष. २०२० ला न्यायाधीश गिन्सबर्ग १८ सप्टेंबरला गेल्या, निवडणूक दीड महिन्यावर. त्यांच्या जागी बॅरेट यांचं नाव २६ सप्टेंबरला आलं, २६ ऑक्टोबरला ५२-४८ नं मंजूर. पक्ष तोच, सबब गायब. त्याआधी २०१७ ला गोरसच यांच्या नेमणुकीसाठी, चर्चा थांबवून मतदान घ्यायला लागणारी ६० मतांची अट साध्या बहुमतावर आणली होतीच. आता विरोधकांचं एकही मत लागत नाही. मग मवाळ माणूस द्यायचा कशाला?

सात रस्ता
वकीलसाहेब, तारखा पाठ आहेत, मानलं. पण गार्लंड यांना सिनेटमधले बहुमताचे नेते मॅकॉनेल यांनी अडवलं हे जगाला नावानिशी ठाऊक आहे. आपल्याकडं? जानेवारी २०१८ ला इंदू मल्होत्रा आणि के. एम. जोसेफ ही दोन नावं सर्वोच्च न्यायालयासाठी कॉलेजियमकडून केंद्र सरकारकडं एकदमच गेली. मल्होत्रांचं निघालं, जोसेफ यांचं एप्रिलअखेर परत आलं. पुन्हा पाठवलं, ऑगस्टमध्ये शपथ झाली, तीही तिघांत शेवटची. ज्येष्ठता घसरली. तिथं कुठल्या सिनेटरचं मत होतं, दाखवा.

कडक भाकरी
म्हणूनच एनजेएसी, म्हणजे नेमणुकांसाठीचा राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग, पाहिजे होतं. २०१५ ला न्यायाधीशांनीच स्वतःच्या फायद्यासाठी उडवलं.

पार्क चौक
कायदा वाचा राव. सहा सदस्य, त्यातल्या दोघांनी नको म्हटलं की नाव बाद. कायदामंत्री अधिक एक 'मान्यवर', झाली दोघांची जोडी. १९७३ ला शेलत, हेगडे, ग्रोव्हर या तिघांना डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं, १९७७ ला एच. आर. खन्नांनाही डावललं. तेव्हा पेन सरकारच्याच हातात होतं. आणि सात रस्ता, जोसेफ पुढं कॉलेजियममध्ये बसलेच, तेही सांगा की.

शेंगाचटणी
वॉशिंग्टन-दिल्ली राहू द्या. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं आणि सोलापूरला न विचारता त्यात कोंबलं. सिद्धेश्वर एक्सप्रेसला रात्री झोपलं की सकाळी मुंबई. कोल्हापूरला मंगळवेढा-सांगोला-मिरज करत जायचं. कुणाच्या सोयीचं हे?

कडक भाकरी
सांगोल्याच्या पक्षकाराच्या! सगळं जिल्हा म्हणजे सोलापूर शहर नव्हे.

शेंगाचटणी
आणि अक्कलकोटवाला? त्याला कलबुर्गीचं हायकोर्ट जवळ. फक्त राज्य बदलायला लागेल.

कडक भाकरी
ज्यांची मुंबईतल्या सिनियरशी बांधलेली कामं आहेत, तेच बोंबलतायत.

शेंगाचटणी
तोंड सांभाळून बोला. पक्षकाराच्या खिशाचं बोलतोय मी.

पार्क चौक
दोघंही थांबा. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) खाली मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मंजुरीनं असं सर्किट बेंच बसवू शकतात. कायम खंडपीठ ५१(२) खाली, राष्ट्रपतींच्या आदेशानं. फरक मोठा आहे : आज बसवलेलं उद्या हलवता येतं.

सात रस्ता
बसवलं, पण बसायला माणसं? मुंबई उच्च न्यायालयाची मंजूर पदं ९४. नाव उच्च न्यायालयाच्या कॉलेजियमकडून निघतं, मग राज्य सरकार, आयबी (केंद्राचा गुप्तचर विभाग), कायदा मंत्रालय, सर्वोच्च न्यायालयाचं कॉलेजियम, परत मंत्रालय. २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं मुदती आखल्या : आयबीला ४ ते ६ आठवडे, पुढं केंद्राला ८ ते १२, आणि एकमतानं पुन्हा पाठवलेल्या नावावर ३ ते ४. मुदत उलटली तर? काही नाही. फाईल तशीच. पार्क चौक, तुमचंच वाक्य तुम्हाला परत : हत्यार तारीख आहे. मग कॉलेजियमची तरफदारी कशासाठी?

पार्क चौक
तरफदारी नाही, तुमच्या औषधावर शंका. सिनेट आणली तर अडवणारा दिसेल, एवढाच फायदा. गार्लंड यांना दिसण्याचा काय उपयोग झाला?

सात रस्ता
निदान मतदाराला झाला. ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयासाठी पांचोली यांच्या नावाला कॉलेजियममधल्या न्या. नागरत्नांनी विरोध नोंदवला, ४-१ नं शिफारस गेली, चार दिवसांत शपथ. विरोधाचा कागद संकेतस्थळावर नाही. तो तरी टाकायला सिनेट लागते का?

पार्क चौक
बरं, तो कागद टाकायला हवा होता. एवढं मान्य. लावा डीपीला.

शेंगाचटणी
ते ठीक. कोल्हापूरला सकाळी केसचा बोर्डावर पहिला नंबर लागला तर सोलापुरातून किती वाजता निघायचं, तेवढं सांगा कुणीतरी.

कडक भाकरी
आदल्या दिवशी. जेवण मिरजेत.