नाताळच्या कीर्तनात संगीतकारांची चरित्रं: कुणाची घ्यावी, पट्टी कुठली धरावी?

कॅम्पातला_पेटीवाला
सलाम. नाताळाआधी बेळगावात 45 मिनिटांचं कीर्तन बसवायचंय. विषय: श्रद्धेमुळं ज्यांच्या कामाला वळण लागलं असे ख्रिस्ती संगीतकार. ‘मोठे भाविक होते’ एवढ्यावर कुणी बसून ऐकत नाही की वो. काय सोडलं, काय धरलं, ते पाहिजे. श्रोत्यांत मराठी, कानडी आणि खानापूरकडचे कोकणी बोलणारे कॅथलिक, सगळे असतील. साथीला पेटी, तबला, कीबोर्ड. मागं गायला बारा-पंधरा जण. रेव्हरंड टिळकांचं पद नक्की. बाकी कोण? आणि पट्टीचं, म्हणजे गाण्याचा ‘सा’ कुठं धरावा त्याचं, काय करावं? एक पट्टी धरली की बायांना खाली लागतं, दुसरी धरली की गड्यांना वर.

निपाणीकर
तीन चरित्रं पुरेत, चौथं घुसवू नका. नमन 4 मिनिटं, पद आणि निरूपण 12, मध्ये भजन 3, आख्यान 22, शेवटची प्रार्थना 4. टिळकांचं पद पूर्वरंगाला (पहिल्या, निरूपणाच्या भागाला) घ्या; चरित्र मात्र उत्तररंगासाठी (आख्यानासाठी) राखा. पद सुरू असतानाच गोष्ट सांगत बसलं की निरूपण सुटतं आणि कीर्तनाचं भाषण होतं.

नारायण वामन टिळक: जन्म 1861, बाप्तिस्मा मुंबईत 1895 साली. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, त्यांचा बाप्तिस्मा 1900 चा. लोक इथंच थांबतात. खरं संगीताच्या दृष्टीनं मोठी गोष्ट पुढं आहे. इंग्रजी चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांच्या जोडीला त्यांनी अभंग, ओवी, पद आणि कीर्तन उपासनेत आणलं. 1917 साली मिशनचं काम सोडून ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ हा येशूभक्तांचा संघ काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. हे सांगायला कचरू नका.

दुसरे तंजावरचे वेदनायगम शास्त्री (1774–1864). आपल्याकडं हे नाव फारसं कुणाला माहीत नाही, पण मराठी माणसाला ते लगेच जवळचं वाटेल, कारण त्यांचे राजे सरफोजी भोसले. दोघंही जर्मन मिशनरी श्वार्ट्‌झ यांच्या हाताखाली शिकलेले. शास्त्रींनी तमिळ कुरवंजी हा लोकनाट्याचा साचा घेऊन बेथलेहेमची कथा रचली. दरबारात मान होता, तरी दुसऱ्या दैवताची स्तुती रचायला त्यांनी नकार दिला. राजा आणि कवी यांच्यातला हा ताण रंगवा, मात्र सरफोजींना खलनायक करू नका. त्यांनीच शास्त्रींना आश्रय दिला होता.

तिसरे शिकागोचे थॉमस डॉर्सी (1899–1993). आधी ‘जॉर्जिया टॉम’ नावानं ब्लूज (आफ्रिकी-अमेरिकी लौकिक गाणं) वाजवायचे, मा रेनी या गायिकेच्या साथीला होते. 1932 च्या ऑगस्टमध्ये ते सेंट लुईसला असताना इकडं बायको बाळंतपणात गेली, बाळही वाचलं नाही. ‘त्या दुःखानं ते देवाकडं वळले’ असं सांगतात ते चूक. भक्तिगीतं ते आधीपासूनच लिहीत होते, चर्चचा गायकवृंदही हातात होता आणि सेंट लुईसला गेले होते तेही भक्तिगीतं गायलाच. अडचण वेगळीच होती: त्यांच्या गाण्यात ब्लूजचे वळसे होते म्हणून कित्येक चर्चनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. आपल्याकडं चर्चमध्ये ढोलकी वाजली की जे बोलतात, तेच तिथंही बोलले गेले.

षड्ज_पंचम
पट्टी ‘गायकाची’ म्हणून ठरवू नका, पदातल्या सर्वांत उंच सुरावरून ठरवा. सगळ्यांनी मिळून गायचं असेल तर तो सूर पांढरी दोनच्या (पेटीवरचा D) वर जाऊ देऊ नका. पद शुद्ध तार गंधारापर्यंत जात असेल तर षड्ज काळी पाचला (A#) येतो. तार षड्जापर्यंतच असेल तर काळी एक चालेल. पद मंद्र पंचमाखाली उतरत असेल तर ती ओळ बायांना देऊ नका, गडी गातील.

काळी पाचला तबला ही खरी डोकेदुखी. काळी एकचा तबला तिथपर्यंत उतरवला तर पुडी सैल पडून आवाज बसतो. काळी दोनचा तबला घ्या, तो मध्यमात लागतो. पदात मध्यम वर्ज्य असेल, म्हणजे येतच नसेल, तर तबला पंचमात, म्हणजे पांढरी चारला लावा.

अभंगाला भजनी ठेका, 8 मात्रा. मोठ्या अभंगात अक्षरं 6-6-6-4. हमखास चूक अशी की शेवटचा चार अक्षरांचा चरण ओढून सहाएवढा करतात आणि सम (तालाची पहिली मात्रा) हुकते. चार अक्षरं नेहमीच्या चालीनं म्हणा, उरलेल्या मात्रा तबल्याला द्या.

कॅम्पातला_पेटीवाला
झकास. बाख आणि हँडेल नकोत का मग? कॉयरची पोरं त्यांच्यासाठी हटून बसलीत.

रविवारची_उपासना
एकेक वाक्य देता येईल, खरं भाकडकथा टाळा. हँडेलनं ‘मसाया’ (ख्रिस्तावरचं मोठं वृंदगान) 1741 साली 24 दिवसांत लिहिला हे खरं. त्याला चमत्कार म्हणू नका. तो नेहमीच झपाट्यानं लिहायचा आणि त्यात स्वतःच्याच जुन्या इटालियन गाण्यांतले तुकडे वापरलेत. सांगायचंच तर डब्लिनचा पहिला प्रयोग सांगा: 13 एप्रिल 1742, उत्पन्न कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांना आणि रुग्णालयांना. जागा वाढावी म्हणून बायांना फुगीर घागरे आणि पुरुषांना तलवारी घरी ठेवून यायला सांगितलं होतं. हे ऐकून लोक हसतील, तेवढंच आख्यान हलकं होईल.

बाख हस्तलिखिताच्या सुरुवातीला ‘येशू, मदत कर’ आणि शेवटी ‘गौरव फक्त देवाला’ यांची आद्याक्षरं लिहायचा. तरी त्याला बैरागी करू नका. 1730 च्या पत्रात त्याची तक्रार आहे की आदल्या वर्षी लाइपझिगची हवा निरोगी राहिली, अंत्यविधी कमी झाले आणि शंभराहून जास्त थालेरचं (तिथलं चांदीचं नाणं) उत्पन्न बुडालं.

मला विचाराल तर दोघांऐवजी फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ घ्या. पॅरिसच्या ट्रिनिटी चर्चमध्ये 1931 पासून साठ वर्षं ऑर्गनवादक. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवांच्या ‘संगीतरत्नाकरा’तले देशी ताल त्यानं आपल्या रचनांत वापरले. जर्मन युद्धकैद्यांच्या छावणीत 15 जानेवारी 1941 ला त्याची जी रचना पहिल्यांदा वाजली, तिच्यातही रागवर्धन ताल आहे. अर्धा मिनिट तबल्यावर दाखवता आला तर बघा.

कॅथलिक मंडळींसाठी नमनाला फादर थॉमस स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’तल्या (1616) दोन ओव्या, साध्या ओवीच्या चालीत, ठेक्याविना. कानडी श्रोत्यांना कानडी-इंग्रजी शब्दकोशवाले किटेल ठाऊक असतात. त्यांची पद्यातली ख्रिस्तकथा ‘कथामाले’ 1862 ची. तिच्यातलं एक कडवं मधल्या भजनाच्या जागी बसतं.

षड्ज_पंचम
राहिलंच. पेटी आणि कीबोर्ड एकत्र वाजले की सूर भांडतात, कारण जुनी पेटी बहुतेक वेळा थोडी चढी असते. पेटी तिथल्या तिथं उतरवता येत नाही. कीबोर्डच्या ट्यूनिंगमध्ये जाऊन 440 चा आकडा (पांढरी सहा, म्हणजे A, या सुराची कंपनं) एकेकानं वाढवा आणि पेटीच्या त्याच सुराबरोबर लांब धरून ऐका. थरथर थांबली की सोडा. हे तबला लावण्याआधी करा, नंतर केलं तर तबला पुन्हा ठोकत बसावं लागेल.