जपानमधील स्वस्त, साध्या खाणावळींत जेवताना काय माहीत असावे?

पायवाट यांचा प्रश्न:

येत्या ऑक्टोबरमध्ये मी आणि माझी आई बारा दिवसांसाठी तोक्यो, क्योतो आणि ओसाका येथे जात आहोत. निवास आणि रेल्वे यांवरच बराचसा खर्च होणार असल्याने जेवणासाठी माणशी दिवसाला सुमारे 2,500 येन एवढीच रक्कम हाताशी राहते. त्यामुळे नामांकित सुशीगृहे बाजूला ठेवून, तेथील नोकरदार माणसे रोज जेथे जेवतात अशाच ठिकाणी आम्हाला जायचे आहे. मी सर्व काही खाते. आई 67 वर्षांची असून मांस आणि मासे खात नाही, मात्र अंडी आणि दूध तिला चालते. आम्हा दोघींनाही जपानी वाचता येत नाही. आईला खरी धास्ती जेवणापेक्षा वागण्याची आहे. स्वस्त ठिकाणी परक्या माणसाची कोणी दखल घेत नाही, आणि आपल्या अडखळण्यामुळे मागच्यांचा खोळंबा होईल, असे तिला वाटते. या ठिकाणांची रीत कोणी नीट समजावून सांगेल का?

अबोली यांचे उत्तर:

मी कावासाकी येथे चार वर्षे राहिले आणि आठवड्यातील निदान चार जेवणे अशाच ठिकाणी घेतली, त्यामुळे आधी आपल्या आईंच्या शंकेविषयी लिहिते. जपानमध्ये कमी किमतीचा अर्थ कमी आस्था असा होत नाही. 450 येनची वाटी घेणाऱ्यालाही आत शिरताच सर्वजण मोठ्याने ‘इराश्शाइमासे’ म्हणजे ‘या, स्वागत आहे’ म्हणतात, न मागता पाणी किंवा चहा मिळतो, त्याचे पैसे लागत नाहीत, आणि बक्षिसी देण्याची पद्धतच नाही. टेबलावर नाणी ठेवून निघालात, तर ती विसरली असे समजून कोणीतरी रस्त्यापर्यंत मागे धावत येण्याचीच शक्यता अधिक.

खोळंब्याची भीती मलाही होती. पहिल्या आठवड्यात रामेन म्हणजे रश्श्यातील शेवयांच्या एका लहानशा दुकानात तिकिटाच्या यंत्रापुढे मी गोंधळून उभी राहिले आणि उरलेले पैसे परत घेण्यासाठी तरफ फिरवावी लागते हे ठाऊक नसल्याने 200 येन तसेच सोडून आत जाऊन बसले. माझ्या मागच्या गृहस्थांनी ते काढून माझ्या हातात आणून दिले. म्हणून हे यंत्र जरा सविस्तर सांगते. अनेक ठिकाणी दाराशीच ‘शोक्केन’ म्हणजे जेवणाचे तिकीट देणारे यंत्र असते. जुन्या यंत्रांत आधी पैसे टाकायचे. मग तेवढ्या पैशांत मिळणाऱ्या पदार्थांची बटणे उजळतात. काहीच वाचता आले नाही तर वरच्या डाव्या कोपऱ्यातील बटण दाबावे, कारण त्या जागी बहुधा दुकानाचा मुख्य पदार्थ ठेवलेला असतो (आपल्यासाठी ही युक्ती उपयोगी आहे, आईंसाठी नाही). तिकीट काउंटरमागील माणसापुढे ठेवले की बोलण्याची गरजच उरत नाही, आणि जेवून झाल्यावर पैसे देण्यासाठी थांबावेही लागत नाही. जुनी यंत्रे पुष्कळदा फक्त 1,000 येनची नोट घेतात. शिवाय जुलै 2024 मध्ये नव्या नोटा आल्यानंतर काही लहान दुकानांची यंत्रे त्या स्वीकारत नाहीत, म्हणून 100 आणि 500 येनची नाणी जवळ असू द्यावीत. अनेक शाखा असलेल्या मोठ्या साखळ्यांच्या नव्या यंत्रांवर भाषा बदलण्याची सोय असते आणि तेथेच बसून खाणार की घेऊन जाणार, असेही विचारले जाते. 2019 च्या ऑक्टोबरपासून तेथे बसून खाण्यावर 10 टक्के आणि घेऊन जाण्यावर 8 टक्के कर आहे, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर खरे द्यावे.

सर्वांत स्वस्त भरपेट जेवण म्हणजे ग्युदोन, अर्थात भातावर गोड-खारट रसात शिजवलेले गोमांसाचे पातळ काप आणि कांदा. आपल्याला ते चालत असेल तर योशिनोया, सुकिया आणि मात्सुया या तीन साखळ्या बहुतेक मोठ्या स्थानकांजवळ आढळतील आणि साधी वाटी 400 ते 500 येनच्या आसपास मिळेल. योशिनोया 1899 मध्ये तोक्योच्या निहोनबाशी येथील मासळीबाजारात सुरू झाली. हातातले काम सोडून थोडाच वेळ काढू शकणारे बाजारातील लोक हेच तिचे गिऱ्हाईक होते, आणि तो वेग आजही या दुकानांच्या हाडीमासी भिनलेला आहे. तेथे माणसे येतात, पंधरा मिनिटांत जेवतात आणि निघतात. आईंना घेऊन बसण्याची ती जागा नव्हे.

आपणा दोघींसाठी ‘तेइशोकू’ मिळणारी खाणावळ अधिक योग्य ठरेल. एका तबकात भात, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचे सूप, लोणचे आणि एक मुख्य पदार्थ येतो, दुपारी तो साधारण 800 ते 1,000 येनमध्ये मिळतो, आणि अनेक ठिकाणी भात पुन्हा घेण्याचे पैसे पडत नाहीत. दारातील फळ्यावर ‘हिगावारी’ म्हणून त्या दिवसापुरता ठरलेला पदार्थ लिहिलेला असतो आणि बहुधा तोच किफायतशीर असतो. काचेच्या कपाटात पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडलेल्या असतील तर त्यांच्याकडे बोट दाखवणे अजिबात असभ्य मानले जात नाही, त्या त्यासाठीच ठेवलेल्या असतात.

रीतीभाती थोड्याच आहेत. ओला रुमाल हात पुसण्यासाठी असतो. भाताची वाटी हातात उचलून खावी. जेवणाच्या काड्या (चॉपस्टिक) भातात उभ्या रोवू नयेत आणि आपल्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नये, कारण या दोन्ही कृती अंत्यविधीशी निगडित आहेत.

चातक यांचे उत्तर:

अबोली यांनी लिहिलेल्या बहुतेक गोष्टींशी मी सहमत आहे, परंतु तेइशोकूविषयी एक मोठी सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. त्या तबकातील मिसो सूप आपल्या आईंच्या नियमांत बसणार नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया असलेली ‘दाशी’, म्हणजे चवीचे सार, बहुधा कात्सुओबुशीपासून, म्हणजे उकडून, धुरावर वाळवून किसलेल्या बोनिटो माशापासून, आणि कोम्बू या समुद्री वनस्पतीपासून काढतात. कोम्बूमधील ग्लुटामेट हा चव देणारा घटक रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये ओळखला, आणि कात्सुओबुशीतील इनोसिनेट हा तसाच घटक त्याच्याबरोबर आला की दोघांची मिळून चव एकेकट्यापेक्षा कितीतरी पटींनी गडद लागते. म्हणूनच स्वयंपाकी ही जोडी सहसा सोडत नाहीत. परिणामी ज्या पदार्थात मासा दिसत नाही त्यातही तो असतो. उदोन (गव्हाच्या जाड शेवया) आणि सोबा (कुट्टूच्या पिठाच्या शेवया) यांचा रस्सा, सोबाबरोबरचे बुडवण्याचे पाणी, गुंडाळलेले अंड्याचे आमलेट, शिजवलेल्या भाज्या, इतकेच काय, ओसाकातील ओकोनोमियाकी या कोबी घातलेल्या जाड धिरड्याचे पीठदेखील पुष्कळदा दाशीतच कालवलेले असते. थंड टोफू मागवावा तर वर कात्सुओबुशीचा कीस पेरून येतो.

म्हणून निघण्यापूर्वी आईंनी एक निर्णय घ्यावा, असे मी मनापासून सुचवतो. मासा ताटात नको, एवढेच त्यांचे म्हणणे आहे, की माशाचा अर्कही नको? पहिले असेल तर जेवणे सोपी होतील. दुसरे असेल तर स्वस्त जपानी खाणावळींतील पर्याय खरोखरच मोजके आहेत, आणि हे आधी मान्य केले तर तेथे गेल्यावर रोज मन खट्टू होणार नाही.

त्या मोजक्या पर्यायांपैकी जे मला उपयोगी पडले ते सांगतो. साधा भात, एदामामे म्हणजे उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा, आणि भाज्यांचा तेम्पुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या भाज्या, मिठासोबत (बुडवण्याच्या रसात दाशी असते, आणि तळणीचे तेल कोळंबीसाठीही वापरलेले असते हे लक्षात ठेवावे). फिरत्या पट्ट्यावरील सुशीच्या दुकानांत काकडीचे कप्पामाकी आणि आंबवलेल्या सोयाबीनचे नात्तोमाकी मिळते, पण काही ठिकाणी टेबलावरील सोया सॉसमध्येच दाशी मिसळलेली असते आणि नात्तोसोबतच्या रसातही ती असू शकते, तेव्हा विचारून घ्यावे. कोको इचिबान्या या करीच्या साखळीत नेहमीच्या रश्श्यात मांसाचा अंश असतो, तथापि काही शाखांत प्राणिज घटकांविना केलेला रस्सा मिळतो. साइझेरिया ही इटालियन पद्धतीची जपानी साखळी असून तेथील मार्गेरिता पिझ्झा 400 येनला मिळतो. जपानला जाऊन पिझ्झा खावा का, असे वाटेल, परंतु दिवसभर चाललेल्या 67 वर्षांच्या व्यक्तीला संध्याकाळी निर्धास्तपणे खाता यावे, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. शिवाय शाळकरी मुले, वृद्ध जोडपी आणि एकटे कर्मचारी तेथे खरोखर रोज जेवतात, त्यामुळे आपल्याला जे पाहायचे आहे तेही दिसेल.

दवबिंदू यांचे उत्तर:

एक लहानशी भर घालतो. संध्याकाळी स्वस्त दिसणाऱ्या इझाकायामध्ये, म्हणजे मद्य आणि खाणे मिळणाऱ्या ठिकाणी, शिरण्यापूर्वी विचार करा. न मागता समोर येणाऱ्या छोट्या वाटीला ‘ओतोशी’ म्हणतात, ओसाकाकडे ‘त्सुकिदाशी’, आणि तिचे माणशी साधारण 300 ते 500 येन देयकात लागतात. ही फसवणूक नसून बसण्याचेच शुल्क आहे, पण आपल्या खर्चाच्या मर्यादेत ते जाणवेल, आणि त्या वाटीत मासा असण्याची शक्यताही बरीच असते. फलकावरील किमती वाचताना मोठ्या अक्षरांतील आकडा कधीकधी करापूर्वीचा असतो, करासहित किंमत खाली बारीक अक्षरांत असते.

पायवाट:

तिघांचेही मनःपूर्वक आभार. मी आईला सर्व वाचून दाखवले. ताटात मासा किंवा मांस नको, पण रश्श्यातील अर्काविषयी आग्रह धरणार नाही, असे तिने स्वतःहून सांगितले. मात्र ती सावकाश जेवते, तिला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढा वेळ बसलेले चालेल का? आणि कागदावर जपानीत काय लिहून घ्यावे?

अबोली:

चालेल, फक्त वेळ आणि जागा निवडावी लागेल. बारा ते एक या तासात कार्यालयांतील माणसे रांगेत उभी असतात, तेव्हा त्या वेळी काउंटरसमोरच्या उंच खुर्च्यांवर बसू नये. दीडच्या सुमारास जा. दुपारचे दर पुष्कळ ठिकाणी दोनपर्यंत लागू असतात आणि तोवर टेबले रिकामी झालेली असतात. संध्याकाळी ‘फामिरेसु’ म्हणजे कौटुंबिक उपाहारगृहांत जा. तेथे एकदा पैसे भरून हवे तितके चहा-कॉफीचे पेले घेता येतात आणि तासभर बसलेल्यांकडे कोणी वळूनही पाहत नाही.

चातक:

कागदावर पुढील वाक्ये जाणकाराकडून जपानी लिपीत लिहून घ्या: ‘निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन. तामागो तो ग्युन्यू वा दाइजोबु देस.’ म्हणजे मांस आणि मासे खाता येत नाहीत, अंडी आणि दूध चालते. ‘दाशी वा दाइजोबु देस’ (दाशी चालते) हे तिसरे वाक्यही अवश्य जोडा. ते नसेल तर काळजीपूर्वक काम करणारा स्वयंपाकी दाशीचा विचार करून बहुतेक पदार्थांना नम्रपणे नकार देईल. कागद तिकीट काढण्यापूर्वी दाखवा, नंतर नव्हे, कारण एकदा काढलेले तिकीट बदलून देणे त्यांना अवघड जाते.