मदत हवी आहे: कोरोनानंतर बंद पडलेलं वहीगायनाचं मंडळ पुन्हा उभं करायचंय (अमळनेर तालुका)

बोरीकाठ

राम राम मंडळी.

आमच्या गावचं वहीगायन मंडळ कोरोनानंतर अजून सावरलेलं नाही, त्यासाठी सल्ला हवाय. खानदेशाबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. वही म्हणजे देवादिकांच्या कथांचं लांबलचक गाणं. एकजण पुढे म्हणतो, बाकीचे मागून धरतात, साथीला डफ. आमच्याकडे पाडव्याला डफ बाहेर निघायचा आणि आखाजीपर्यंत (म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत) पंचक्रोशीत कुठे ना कुठे बैठक असायचीच.

२०२० चा पाडवा २५ मार्चला होता. देशभरचं लॉकडाऊन लागलं तो हाच दिवस. २०२१ मध्ये पाडवा १३ एप्रिलला आला आणि १४ च्या रात्रीपासून राज्यात संचारबंदी. दोन्ही हंगाम तोंडावरच गेले. त्यात दुसऱ्या लाटेत आमचे अध्यक्ष आणि खजिनदार दोघेही वारले. अध्यक्ष म्हणजेच पुढे म्हणणारे आबा. काही वह्या त्यांच्याशिवाय कुणाला पूर्ण येत नव्हत्या. आम्ही मागून धरणारे. आम्हाला धृपद येतं, कथा माहीत असते, पण मधली कडवी कोणत्या क्रमाने येतात ते पुढच्यालाच ठाऊक.

आबांच्या तोडीचे आता एकच नाना उरलेत. कोरोना होऊन गेल्यापासून त्यांना दम पुरत नाही. मागच्या पाडव्याला बोलवायला गेलो तर म्हणाले, "माले येवाले जमाव नही, तुम्हीच या." तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय.

बाकीच्या अडचणीही आहेत. बँकेचं खातं दोघांच्या सह्यांचं होतं, ते अडकलंय. धर्मादाय कार्यालयात नवीन कार्यकारिणी नोंदवलीच गेली नाही. यात्रांच्या बिदागीवर मंडळाचा खर्च भागायचा, तिथे आता डीजे लागतो. लॉकडाऊनमध्ये सुरतहून परत आलेली पोरं चार महिने गावात होती, पण तेव्हा एकत्र बसायलाच बंदी, आणि मोकळीक मिळाली तशी ती पुन्हा सुरतेला. डफांचं तर बघवत नाही. देवळामागच्या खोलीत टांगलेले होते, दोघांचं कातडं उंदरांनी कडेने कुरतडलंय, एकाचं इतकं सैल पडलंय की कितीही शेकलं तरी बोलत नाही.

हे सगळं एकदम होणार नाही हे समजतं. आधी काय धरावं? आणि उद्या पुन्हा असं संकट आलं तर मंडळ एवढं कोलमडू नये यासाठी काय करता येईल?

पांझरेकर

दादा, आधी नाना. बाकी सगळं थांबू शकतं.

मी धुळ्याकडच्या म्हाताऱ्या माणसांची गाणी रेकॉर्ड करतो, त्या अनुभवावरून सांगतो. सकाळी बसा, त्यांना ताजंतवानं वाटतं तेव्हा. एका बैठकीत पूर्ण वही उरकायचा आग्रह नको. दम लागला की थांबायचं आणि कुठे थांबलो ते कडवं कागदावर लिहून ठेवायचं. पहिल्यांदा डफाशिवाय म्हणू द्या. डफ जवळ असला की मोबाईलच्या रेकॉर्डिंगमध्ये शब्द बुडतात, नंतर ऐकून उतरवताना जीव जातो. शब्द नीट मिळाले की मग डफासह एकदा घ्या, कारण ठेका आणि उचल त्याशिवाय कळत नाही. सुरुवातीला गाव, तारीख, म्हणणाऱ्याचं नाव आणि ही वही त्यांनी कुणाकडून घेतली ते बोलून घ्या. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर ऐन कडव्यात कुणाचा तरी कॉल येतो.

फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे आवाजाचा दर्जा टिकतो. प्रती तीन ठेवा, त्यातली एक गावाबाहेर. सुरतेच्या पोरांपैकी एकाकडे दिली तरी चालेल. त्या निमित्ताने तो मंडळात राहील.

आणि नानांना आधीच विचारा की यातलं काय नेटवर टाकलेलं चालेल. काही वह्या देवीसमोरच म्हणायच्या असतात. तिथे त्यांचा शब्द अखेरचा.

आखाजीचा झोका

दादा, एक विचारू का? आबांच्या घरी कोण आहे?

माझ्या सासऱ्यांचं भजनी मंडळ होतं. तालीम आमच्या ओट्यावर चालायची. सासूबाई आत भाकरी थापत असायच्या, त्या कधी मंडळात बसल्या नाहीत. सासरे गेल्यावर एक अभंग कुणालाच आठवेना तेव्हा त्यांनी आतूनच पुढची ओळ सांगितली. आमच्याकडे कानबाईची गाणी, आखाजीची गाणी बायकांनीच जपलीत. चाळीस वर्षं कानावर पडलेली वही आबांच्या घरातल्या बाईला येत नसेल असं मला वाटत नाही. तिला कुणी विचारलेलं नसेल एवढंच.

पण विचारायला तुम्ही पुरुषांनी घोळका करून जाऊ नका. घरातल्या एखाद्या सुनेला नाहीतर नातीला जवळ बसवा आणि अर्धी ओळ म्हणून सोडून द्या.

मोडीवाला

कागदपत्रांचं मी सांगतो. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत फेरफार अर्ज द्यावा लागतो (महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, कलम २२). मुदत गेली असली तरी अर्जासोबत विलंबमाफीचा अर्ज जोडता येतो. त्यात एक गोष्ट जरूर लिहा: १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. त्यापुढच्या उशिराचं कारण मात्र खरं आणि सविस्तर द्यावं लागेल. दोघांचे मृत्यूचे दाखले, सभेची नोटीस, ठराव आणि हजेरीच्या सह्या एकत्र लावा. राहिलेल्या वर्षांचे हिशेब व्यवहार शून्य असला तरी भरा. पुढच्या वेळी खात्यावर तीन सह्या नोंदवा आणि तिघांपैकी कोणत्याही दोघांची चालेल असा ठराव करा. म्हणजे एक माणूस गेला तरी खातं अडत नाही.

नानांसाठी राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन योजनेची पंचायत समितीत चौकशी करा. दरमहा ५,००० रुपये मिळतात. कलेचे पुरावे लागतात: जुन्या यात्रांच्या पत्रिका, फोटो, पेपरातली कात्रणं, ग्रामपंचायतीचा दाखला. कोविडच्या वेळी राज्याने कलावंतांना एकरकमी ५,००० ची मदत जाहीर केली होती, तेव्हा असे पुरावे नसल्याने किती जण मागे राहिले ते मी जवळून पाहिलंय.

आबांच्या हातच्या लिहिलेल्या वह्या घरात असतील तर लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टीही लावू नका. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, मुखपृष्ठापासून ओळीने प्रत्येक पानाचे फोटो घ्या. जमलं तर एकदा धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जाऊन या. १९२६ च्या शेवटच्या दिवशी इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात वारले आणि १९२७ च्या जानेवारीतच लोकांनी मंडळ स्थापन केलं. माणूस गेल्यावर त्याचा संग्रह पांगायच्या आत हात घालावा लागतो, हे आपल्याच भागातल्या लोकांनी त्या काळी करून दाखवलंय.

बोरीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. झोकाताई, तुमचं वाचून पुतणीला आबांच्या घरी पाठवलं. काकूंनी आधी "माले काय येस?" म्हणून उडवून लावलं. पुतणीने मुद्दाम दोन कडवी उलटसुलट म्हटली तशा त्या चिडल्या आणि क्रम नीट लावून दिला. आम्हाला पाच वर्षं न सापडलेला क्रम. सगळी वही नाही, पण निम्म्याहून जास्त.

नानांकडे उद्यापासून सकाळचं बसतोय. मंडळात ठरवलंय की प्रत्येक वही निदान दोघांना तोंडपाठ पाहिजे, त्यातला एक तिशीच्या आतला. काकूंना आणि पुतणीला बैठकीत घ्यायचं का यावर दोन जुन्या मंडळींची कुरकुर आहे. माझ्या मते घ्यायलाच हवं, आणि मी ते सभेत मांडणार आहे. मोडीवाले दादा, ठरावाचा मसुदा इथेच टाकतो, नजर घाला.

आता डफाचं तेवढं सांगा. अमळनेर, पारोळा, धुळे या पट्ट्यात डफ मढवून देणारं कुणी अजून काम करतंय का? लाकडी कडी तिन्हींची शाबूत आहेत, फक्त कातडं बदलायचंय. पाडव्याच्या आत झालं पाहिजे.